कोट्याच्या माशाचं वय

लोणारला पाहुण्यांना घेऊन गेलं की एक प्रश्न ठरलेला असतो: "हे विवर किती वर्षांचं?" मी मेहकर तालुक्यातली, त्यामुळे हा प्रश्न लहानपणापासून ऐकत आलेय. जुनं पुस्तक वाचलेला माणूस सांगतो, पन्नास हजार वर्षं. अलीकडचं वाचलेला सांगतो, साडेपाच-पावणेसहा लाख. दोघंही मनचं सांगत नाहीत. आघातात वितळलेल्या दगडावर थर्मोल्युमिनेसन्स पद्धत वापरली तेव्हा उत्तर आलं सुमारे ५२ हजार वर्षं. पुढे तशाच वितळलेल्या दगडावर आर्गॉन-आर्गॉन पद्धत वापरली, तेव्हा आलं सुमारे ५ लाख ७० हजार. एकाच खड्ड्याची दोन वयं, आणि त्यांत दसपटीहून जास्त फरक.

तरीही भूविज्ञानाच्या दृष्टीनं आम्ही बुलढाण्याची माणसं नशीबवान. आमच्याकडे बहुतेक सगळा काळा कातळ, नाहीतर पूर्णेच्या खोऱ्यातला गाळ. बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा. तो थिजला त्या क्षणी त्याच्यातलं घड्याळ सुरू झालं, आणि प्रयोगशाळेत ते घड्याळ वाचता येतं. म्हणून आपण सुमारे साडेसहा कोटी वर्षं असा आकडा छातीठोकपणे सांगतो.

वालुकाश्माचं तसं नाही. पीएच.डी.साठी मी गडचिरोलीच्या टोकाला, सिरोंच्याकडे जायला लागले तेव्हा पहिला धक्का हाच बसला. वालुकाश्म म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी डोंगराची झीज होऊन वाहत आलेली वाळू. तिच्यातल्या कणाचं वय काढलंत तर ते त्या जुन्या डोंगराचं वय. झिर्कॉनचे कण मोजून फार तर इतकं म्हणता येतं, की हा थर त्याच्यातल्या सर्वांत तरुण कणापेक्षा जुना असू शकत नाही. नेमका कधी साचला, ते वाळू सांगत नाही. त्यासाठी थरात कोणीतरी मेलेलं असावं लागतं. आमच्याकडे मेलेत ते मासे.

घरी हे सांगितलं तर बाबांचा प्रश्न: "काय वं, दगडात मासोई कशी काय घुसली?" घुसली नाही, आधी मासा तळाशी गेला आणि मग त्याच्यावर दगड झाला, हे समजावण्यात एक अख्खं जेवण गेलं.

तर या माशांची गोष्ट. सेट-नेटच्या अभ्यासात 'कोटा फॉर्मेशन: अर्ली ज्युरासिक, फ्रेशवॉटर फिशेस' अशी एक ओळ तुम्ही पाठ केली असेल. ती ओळ इतकी सरळ नाही, आणि ती कशी तयार झाली हे संशोधनाला लागण्याआधी माहीत असलेलं बरं.

कोटा हे सिरोंचा तालुक्यातलं, प्राणहितेच्या डाव्या काठावरचं गाव. पुढे काही मैलांवर प्राणहिता गोदावरीला मिळते. १८५० च्या आसपास या भागात कोळशाच्या आशेनं बोअरिंग चाललं होतं. कोळसा काही हाती लागला नाही, पण तिथल्या पातळ थरांच्या चुनखडकात मासे दिसले. जाड, चौकटीच्या आकाराचे, मुलामा दिल्यासारखे चकचकीत खवले असलेले. त्यातला एक लंडनला पोचला आणि १८५१ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. सादर करणारे होते कर्नल विल्यम साइक्स. हे तेच साइक्स, ज्यांनी दख्खनच्या नद्यांतल्या जिवंत माशांवर आधीच लिहून ठेवलं होतं. जीवाश्माचं वर्णन केलं सर फिलिप ग्रे एगर्टन यांनी. नाव ठेवलं लेपिडोटस डेक्कनेन्सिस (आता आपण लेपिडोटिस लिहितो).

त्या टिपणाच्या शीर्षकातच गंमत आहे. हा मासा 'दख्खनच्या पठारावरचा' असं त्यात म्हटलंय. दख्खनचं पठार म्हणजे आमचं, काळ्या कातळाचं. कोटा आहे गोदावरीच्या खोऱ्यात, पूर्वेला कितीतरी दूर, आणि तिथला खडक लाव्हाच्या कितीतरी आधीचा. निझामाच्या मुलखाच्या आसपासचं जे ते 'डेक्कन' म्हणायची त्या काळची पद्धत, त्यामुळे चूक म्हणण्यात अर्थ नाही. पण 'डेक्कनेन्सिस' वाचून मासा डेक्कन ट्रॅपमधला समजलेले दोन विद्यार्थी मी स्वतः पाहिलेत. त्यातली एक मीच.

एगर्टन हे जीवाश्म माशांचे जाणकार. इंग्लंडमधल्या लायस थरांतले, म्हणजे ज्युरासिकच्या सुरुवातीचे मासे त्यांच्या रोजच्या ओळखीचे. पुढच्या काही वर्षांत कोट्याहून आणखी नमुने आले. त्यांतले काही डॅपेडियमच्या घराण्यातले आणि टेट्रागोनोलेपिस म्हणून ओळखले गेले. हीसुद्धा लायसमधलीच मंडळी. निष्कर्ष उघड होता: कोट्याचा चुनखडक लायसच्या वेळचा. आजच्या हिशेबानं अठरा-वीस कोटी वर्षांपूर्वीचा.

इथपर्यंत ठीक. आता नागपूरला येऊ.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी, १८४५ पासून नागपूरला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. ते फ्री चर्चचे, आणि त्याच चर्चच्या बाजूच्या 'द विटनेस' या वृत्तपत्राचे संपादक होते ह्यू मिलर. पाथरवटाचं काम करून पुढे आलेल्या या मिलरनी १८४१ मध्ये स्कॉटलंडच्या तांबड्या वालुकाश्मावर आणि त्यातल्या माशांवर पुस्तक लिहून सामान्य वाचकांना भूविज्ञानाचं वेड लावलं होतं. त्या पिढीतला स्कॉटिश माणूस कामठीच्या, सिलेवाड्याच्या दगडखाणींसमोर उभा राहिल्यावर काय करणार? त्यानं दगड फोडायला सुरुवात केली.

हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांचा नागपूरच्या भूविज्ञानावरचा मोठा निबंध १८५५ सालचा. नागपूरजवळच्या वालुकाश्मात त्यांना भरपूर पानं मिळाली होती, त्यात ग्लॉसोप्टेरिस. या वालुकाश्माचा काळ त्यांनी ज्युरासिक ठरवला. आज आपण त्या कामठी थरांना पर्मियनच्या शेवटाकडे नेतो, म्हणजे पाच-सात कोटी वर्षं आणखी मागे.

चूक कुठे झाली? माणूस निष्काळजी नव्हता. त्यांच्या नोंदी आजही वाचण्यासारख्या आहेत. पण हाताशी काय होतं ते बघा. ग्लॉसोप्टेरिस युरोपात सापडत नाही, त्यामुळे तुलना करायला तिकडचा थरच नाही. मॅककॉयसारखे जाणकार ऑस्ट्रेलियातल्या अशाच पानांना ज्युरासिक म्हणत होते. आणि दक्षिणेला कोट्यात तर लायसचे मासेच मिळालेले. मध्ये शेकडो किलोमीटर जंगल, नकाशा नाही. दोन्हीकडे वालुकाश्म, दोन्हीकडे साधारण तोच रंग. सगळी एकच मालिका धरली की उत्तर जुळायचं.

मासा खोटं बोलला नव्हता. तो फक्त स्वतःच्या चुनखडकाबद्दल बोलत होता. त्याला नागपूरचं विचारलं, हा आपला दोष.

असाच घोळ हिस्लॉप यांच्या मायदेशी, एल्गिन गावाजवळ, अगदी त्याच वर्षांत चालू होता. तिथे पिवळट वालुकाश्माच्या खाणी आहेत आणि शेजारीच जुने, डेव्होनियन काळातले, माशांचे अवशेष असलेले थर. दोन्ही एकच धरले जात. १८४४ मध्ये लुई अगासी यांनी तिथल्या खवल्यांसारख्या ठशांवरून स्टॅगोनोलेपिस नावाचा 'मासा' नोंदवला. अगासी म्हणजे जीवाश्म माशांचा त्या काळचा शेवटचा शब्द. पंधरा वर्षांच्या आत थॉमस हक्सली यांनी दाखवलं की तो मासा नाहीच, मगरीसारखं चिलखत असलेला सरपटणारा प्राणी आहे. आणि त्या खाणींत हायपेरोडॅपेडॉन नावाचा आणखी एक सरीसृप मिळाला. अखेरीस तो वालुकाश्म ट्रायासिक ठरला. शेजारच्या माशांच्या थराशी त्याचा काळाचा संबंध नव्हता, फक्त जागेचा होता.

हा हायपेरोडॅपेडॉन लक्षात ठेवा, तो आपल्याकडे येतोय. प्राणहितेच्या पलीकडे, आताच्या तेलंगणात, मालेरी नावाचं गाव आहे. तिथल्या लाल चिकणमातीत हिस्लॉप यांना हाडं आणि दात मिळाले होते. दात सेरॅटोडस या फुप्फुसमाशाचे. त्यांवर थॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये टिपण लिहिलं. (१८७० मध्ये ऑस्ट्रेलियात क्रेफ्ट यांनी क्वीन्सलँडच्या जिवंत फुप्फुसमाशाचं वर्णन केलं, तेही सेरॅटोडस या नावानंच. तोवर त्या नावाशी फक्त दगडातले दात जोडलेले होते.) आणि १८६९ मध्ये हक्सली यांनी मालेरीच्या हाडांत ओळखला तो एल्गिनचाच हायपेरोडॅपेडॉन.

म्हणजे मालेरीला ट्रायासिकचे प्राणी, कोट्याला ज्युरासिकचे मासे. तरी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लिखाणात 'कोटा-मालेरी' हे जोडनाव दीर्घकाळ चाललं. विल्यम किंग यांनी १८८१ मध्ये प्राणहिता-गोदावरी खोऱ्याचा मोठा वृत्तांत लिहिला, तो आजही उघडावा लागतो. पण मासा कुठल्या थरातला, हाड कुठल्या, हे एकेका ओढ्यात पायी फिरून तपासायचं काम खऱ्या अर्थानं झालं १९५० च्या दशकाच्या शेवटापासून. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी लंडनच्या पामेला रॉबिन्सन यांना बोलावलं. संख्याशास्त्राच्या संस्थेत जीवाश्म कशाला, असं तेव्हाही लोकांनी विचारलं असेलच! या गटानं मालेरीचे लाल थर खाली, कोट्याचे वर, आणि मधले आणखी थर वेगळे, अशी मांडणी केली. कोट्याच्या खालच्या भागात १९६१ च्या सुमारास एका प्रचंड डायनासोरची हाडं मिळाली. ते रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष, म्हणून बारापासॉरस टागोराय. नावातला 'बारा पा' म्हणजे बंगालीत मोठा पाय. त्याच संस्थेतल्या सोहनलाल जैन यांनी १९७० च्या दशकात कोट्याच्या माशांचा नव्यानं अभ्यास केला, त्यात इंडोसीलाकँथस हा सीलाकँथही आला.

मग प्रश्न सुटला? इथेच मला पहिल्या वर्षी फजिती करून घ्यावी लागली. सिनॉप्सिसच्या तोंडीत मी 'अर्ली ज्युरासिक' म्हटलं, तर समोरून प्रश्न आला, "कशावरून?" मी म्हटलं, माशांवरून. "लायसचे मासे कुठल्या पाण्यातले?" समुद्रातले. "आणि कोट्याचे?" मी गप्प.

कोट्याचा चुनखडक बहुतेकांच्या मते गोड्या पाण्याच्या तळ्यांत साचलेला. लायसचे डॅपेडियम आणि त्यांचे भाऊबंद समुद्री. समुद्रात एखादं घराणं संपलं म्हणून दूरच्या तळ्यातही ते त्याच वेळी संपलं असेल, असं नाही. तळ्यात ते आणखी काही कोटी वर्षं तग धरू शकतं. म्हणूनच कोट्यातल्या ऑस्ट्राकॉड या सूक्ष्म कवचधारी जीवांवर, परागकणांवर आणि कोटाथेरियमसारख्या चिमुकल्या सस्तन प्राण्यांवर काम करणाऱ्या काहींनी हे थर, निदान वरचे, मध्य किंवा उत्तर ज्युरासिकपर्यंत आणि कोणी त्याहीपुढे नेलेत. माशांवर काम करणारे बऱ्यापैकी सुरुवातीच्या ज्युरासिकवर ठाम आहेत. माझं आजचं मत विचाराल तर चुनखडकापुरता माझा कल माशांकडे आहे, पण वरच्या वालुकाश्माला तेच वय लावायची माझी हिंमत नाही. नागपूरचं उदाहरण समोर असताना तर नाहीच.

जाता जाता एक कबुली. गेल्या हिवाळ्यात मी कोट्याच्या बाजूनं चुनखडकाचे सोळा तुकडे आणले. त्यातल्या दोन पिशव्यांवरचा मार्कर घामानं पुसला गेला. एका तुकड्यावर खवल्यांची सुंदर ओळ आहे, सगळ्या सोळांत सर्वांत देखणी. गाईडनी भिंगातून बघितली, आवडली, आणि विचारलं, "पायथ्यापासून किती मीटरवर?" डायरीत त्या दिवशी मी फक्त 'नाल्याजवळ' लिहिलं होतं. तो तुकडा थिसिसमध्ये नाही. विभागाच्या काचेच्या कपाटात पहिल्या वर्षाच्या मुलांना दाखवायला ठेवलाय. डिसेंबरमध्ये पुन्हा जायचंय, त्याच नाल्यात, या वेळी मोजपट्टी, ऑइल पेंट आणि दोन डायऱ्या घेऊन.