भुजंगनाथाला हसण्याआधी
संशोधनासाठी नाटक वाचायला घेतलंत की पात्रांना हसून मोकळं होण्याचा मोह होतो. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' (१८९९) घ्या. म्हातारा भुजंगनाथ कोवळ्या मुलीशी लग्नाला उभा राहतो, वर स्वतःला तरुण समजतो. मूर्खच! पण तुमचं टिपण तिथे थांबवू नका. या मूर्खपणावर कोणाचं पोट भरतं ते बघा. मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित त्याला फुगवत राहतो, आणि शारदेचा बाप कांचनभट पैशासाठी मुलगी द्यायला तयार होतो.

आता खरा प्रश्न. हे लग्न मोडतं कशानं? वधूवर सगोत्र निघतात म्हणून! वयातलं अंतर, मुलीची इच्छा, यातलं काहीच पुरेसं ठरत नाही. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यानं मर्यादा १० वरून १२ वर्षांवर नेली होती खरी, पण नवरा किती म्हातारा चालेल याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. म्हणजे म्हाताऱ्याला अडवायला देवलांना शास्त्राचाच नियम पुढे करावा लागला. १८९९च्या समाजाबद्दल सगळ्यात जास्त सांगणारी जागा हीच, असं मला वाटतं.

आणि हो, १९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला आपण 'शारदा कायदा' म्हणतो, म्हणून तो या नाटकाशी जोडू नका. ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून आलंय. त्यात मुलीचं किमान वय १४ ठरलं. नवऱ्याच्या वयाला वरची मर्यादा मात्र तेव्हाही नव्हतीच.