मुरमाच्या वाटेची कुळकथा

दूधवाल्याच्या काळ्या सायकलचा टायर 28 बाय दीडचा. दीड इंच म्हणजे अडतीस-चाळीस मिलिमीटर रुंदी. कॅरिअरला दोन कॅन, दांड्यावर पोरगं आणि खाली मुरूम, एवढा भार तो निमूट सोसतो. पुण्या-मुंबईच्या दुकानांत हल्ली 'ग्रॅव्हल बाईक' नावाची सायकल मिळते, किंमत सहज लाखाच्या घरात. तिच्या टायरची रुंदी विचारा. उत्तर येईल : चाळीस मिलिमीटर, साहेब, खास कच्च्या रस्त्यासाठी.

कच्च्या रस्त्यावर सायकल चालवणं हा खेळ म्हणून नवा आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी 2006 साली चौतीस जण खडीच्या रस्त्यांवरून दोनशे मैल शर्यत करायला निघाले, तिथून त्याला नाव आणि बाजार मिळाला. पुढे 2024च्या 'टूर द फ्रान्स'मध्ये त्र्वा शहराभोवतीच्या टप्प्यात चुनखडीच्या पांढऱ्या गाडीवाटांचे चौदा तुकडे घातले, एकूण बत्तीस किलोमीटर. जगातले सगळ्यात वेगवान सायकलस्वार धुळीनं पांढरेफटक होऊन आले. खेड्यातली निवांत वाट शोधत फ्रान्सला जाणारे हौशी लोक याच वाटांवर असतात. तिकडे या वाटांना 'शमँ ब्लाँ' म्हणतात, पांढऱ्या वाटा. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या वाटा तांबूस-करड्या, कारण खाली चुनखडी नाही, बालाघाटचा काळा दगड आहे.

त्या काळ्या दगडाचं हवा-पाण्यानं झिजून जे होतं तो मुरूम. पुरती माती नाही, धड दगडही नाही. काळी माती पावसाळ्यात चाकाला अशी धरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मुरूम पाणी खाली सोडतो, दबाई झाली की बसतो आणि पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी चालू लागतो. म्हणून शेताच्या वाटेवर तोच टाकायचा. सरकारदरबारी तो 'गौण खनिज' आहे, उचलायचा तर परवानगी आणि स्वामित्वधन. गंमत म्हणजे पूर्व आफ्रिकेतही कच्च्या रस्त्याला 'मर्रम रोड' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथला रेल्वेमार्ग बांधायला हिंदुस्थानातून हजारो मजूर गेले होते. शब्द ऐकला की आपल्याच भावकीतला वाटतो.

येडशीच्या वाटेला दोन घराणी आहेत. पहिलं गाडीवाटेचं. गावनकाशा उघडला की गाडीवाट दोन तुटक रेषांनी दाखवलेली दिसते, पाऊलवाट एका तुटक रेषेनं. दोन गावांच्या शिवेवरून जाणारा तो शिवरस्ता. कुठं पाणंद म्हणतात, कुठं पांदण. या वाटा कोणी आखल्या नाहीत, बैलांनी पाडल्या, मोजणीदारानं नंतर कागदावर घेतल्या. भांडणंही तितकीच जुनी. वहिवाटीची वाट अडवली तर तहसीलदारानं ती मोकळी करून द्यावी, ही तरतूद 1906च्या मामलेदार न्यायालय अधिनियमातली, आणि तिच्यावर आजही अर्ज पडतात. राज्य सरकारनं 2021मध्ये मातोश्रींच्या नावानं शेत-पाणंद रस्त्यांची योजना काढली तीही याच वाटांसाठी. योजनेत सायकलचा विचार नाही, ट्रॅक्टर आणि उसाच्या गाडीचा आहे. तरी मुरूम पडला की सायकललाही चालतो.

दुसरं घराणं रुळाचं, आणि ही कुळकथा रंगते ती तिथं.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर 1882च्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेत नोकरीला आला. मुंबई-मद्रास मुख्य मार्ग बार्शीला बगल देऊन गेला होता. बार्शी म्हणजे कापसाची पेठ, आणि स्टेशन आडबाजूला. कॅल्थ्रॉपचं म्हणणं साधं होतं. रुंद रुळाला लागतो तितका पैसा खेड्याकडे येणार नाही, तर रूळ अरुंद करा, पण डबे काटेकोर बांधा. त्यानं अंतर ठरवलं अडीच फूट. रूळ यार्डाला तीस पौंडांचे, म्हणजे मीटरला पंधरा किलो. आज मुख्य मार्गावर साठ किलोचे असतात. इंजिन असो वा वाघीण, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही. हलका रूळ टिकला तो या एका नियमामुळं. 1897 साली बार्शी रोडहून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली. 1906मध्ये ती पंढरपूरला गेली, 1911मध्ये लातूरला, 1927मध्ये मिरजेला. सगळा पसारा सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात.

लातूरच्या फाट्यावर येडशी लागायची. बार्शी मुंबई इलाख्यात आणि येडशी मोगलाईत, निजामाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात. म्हणजे एका तिकिटात राज्य बदलायचं. बालाघाटही इथंच चढायचा. घाटात गाडी इतकी दमायची की उतरून चालत बरोबर जाता येतं, असं लोक म्हणत. असं जगातल्या प्रत्येक छोट्या गाडीबद्दल म्हणतात, तेव्हा त्यातलं तिखटमीठ आपण काढून घ्यावं. पण सायकलवाल्यासाठी या चेष्टेत कामाची गोष्ट आहे. वाफेच्या इंजिनाला शंभर मीटरला दोन-तीन मीटरच्या वरचा चढ जड जातो, आणि माणसाच्या मांड्यांनाही दिवसभर सोसणारा चढ साधारण तेवढाच. बैलवाट डोंगराला सरळ भिडते. रूळ वळसा घेतो, खोदाईतून जातो, ओढ्यावर मोरी बांधतो, भराव टाकतो. रूळ उचलून नेले तरी हे सगळं मागं उरतं.

ते उरलेलं कसं वापरावं याचं उत्तर कॅल्थ्रॉपच्याच दुसऱ्या अपत्यानं दिलं. बार्शीच्या अनुभवावर त्यानं इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये अगदी अडीच फुटी रुळाचीच लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली रेल्वे बांधली. ती 1904 साली सुरू झाली. बार्शीची इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यातली, तिकडचीही तिथलीच. डब्यांना उष्ण देशातल्यासारखे व्हरांडे होते, इंजिनापुढं वसाहतीत शोभेल असा भला मोठा दिवा होता. धुक्याच्या खोऱ्यात बार्शीची गाडी. तिनं मुख्यतः दूध वाहिलं, पैसा कधी फारसा मिळवला नाही, आणि 1934मध्ये ती बंद पडली. रेल्वे कंपनीनं ती पट्टी जिल्हा कौन्सिलला देऊन टाकली आणि 1937च्या जुलैत तिथं पायवाट खुली झाली. वाटेतला बोगदाही ठेवला. आज तिला मॅनिफोल्ड वे म्हणतात. आठ मैलांची, चालणाऱ्यांची आणि सायकलींची. बंद रुळाची वाट करण्याच्या कल्पनेत ब्रिटनमधली ही फार आधीची पायरी. (कॅल्थ्रॉप स्वतः पुढं विमानातून उडी मारण्याच्या छत्रीच्या नादी लागला. रूळ असो की छत्री, हलकं आणि भरवशाचं हवं, एवढंच त्याचं वेड.)

फ्रान्सला ही अक्कल यायला साठ वर्षं जावी लागली. खेड्यापाड्यांतल्या छोट्या रेल्वे मोटारबसनं खाल्ल्या; पट्ट्या काटेरी झुडपांखाली गेल्या. 1997 साली बर्गंडीत जिव्री आणि क्लुनीच्या दरम्यान जुन्या रेल्वेमार्गावर पहिली 'व्वा व्हेर्त', म्हणजे हिरवी वाट, खुली झाली. 2004मध्ये हा शब्द फ्रान्सच्या वाहतूक कायद्यात गेला : मोटार बंद, पायी, सायकल आणि घोडा चालेल. माझ्या मते निवांत फ्रेंच वाटांचं खरं बळ त्या ओळीत आहे. निसर्ग आपल्याकडेही आहे.

येडशीचा अरुंद रूळ अलीकडेपर्यंत होता. जुना मार्ग धाराशिव शहराला शिवतच नव्हता. रुंदीकरणाच्या वेळी तो शहराकडं वळवला, आणि 2007-08मध्ये लातूर-धाराशिव-कुर्डुवाडी ब्रॉडगेज सुरू झाली. वळवलेल्या मार्गामागं जुनी पट्टी सुटते, हा साधा हिशेब आहे. एका बाजूला सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी झाला, येडशीपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत एकशे नव्वद किलोमीटरच्या आसपास. त्यावर सायकल चालवणं म्हणजे ट्रकच्या वाऱ्यानं कडेला ढकललं जाणं. दुसऱ्या बाजूला रामलिंगची दरी आहे, जटायूची कथा सांगणारं देऊळ, पावसाळ्यातला धबधबा, प्रसादावर टपलेली माकडं. भोवतीचं जवळपास बावीस चौरस किलोमीटर जंगल 1997पासून अभयारण्य आहे. बर्गंडीत हिरवी वाट खुली झाली तेच साल.

अभयारण्याच्या हद्दीत सायकल घालायची तर आधी वनखात्याला विचारा, आणि श्रावणात काळ्या रानातून जाण्याचा हट्ट धरू नका. दसऱ्यानंतर निघा. त्याआधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत काढा आणि दोन तुटक रेषा शोधा. जिथं रेषा आहे पण वाट नाही, तिथं नांगर कुणाचा फिरला ते विचारा; अर्ज 1906च्या कायद्याखाली करता येतो. सायकल मात्र घरचीच काढा. 28 बाय दीडचा टायर तालुक्याच्या कुठल्याही सायकल दुकानात मिळतो.