तोळा : शब्द एक, वजने दोन

रमजान जवळ आला की आमच्या मोहल्ल्यात एक प्रश्न हमखास निघतो. गेल्या खेपेला शेजारच्या खालांनी तो विचारला. सराफाने त्यांचे दागिने तोलून ‘आठ तोळे’ सांगितले होते, आणि मसाइलच्या किताबात सोन्याचा निसाब साडेसात तोळे. घरात चांदी नाही, शिल्लक रोकड नाही. “बेटा, माझ्यावर जकात आली का?”

जकातीचा मसला सांगणे उलेमांचे काम. पण तोळ्याचा इतिहास आम्हाला तपासता येतो, आणि खरा घोटाळा तिथेच आहे.

सोन्याचा मूळ निसाब 20 मिस्काल आणि चांदीचा 200 दिरहम. 10 दिरहम म्हणजे 7 मिस्काल, हे प्रमाणही ठरलेले. हिंदुस्थानात हा हिशोब गुंजा, मासे आणि तोळ्यांत उतरला. 8 गुंजांचा एक मासा, 12 माशांचा एक तोळा. येथील बहुसंख्य उलेमांनी मिस्काल साडेचार माशांचा धरला. म्हणजे 20 मिस्कालांचे 90 मासे, अर्थात साडेसात तोळे. त्याच हिशोबाने 200 दिरहमांचे साडेबावन्न तोळे. (अरब देशांत 85 ग्रॅम सोने आणि 595 ग्रॅम चांदी असा हिशोब प्रचलित आहे. तेथे मिस्काल सव्वाचार ग्रॅमचा धरतात.)

आता तोळा कोणता? पूर्वी तो ठिकठिकाणी वेगळा होता. 1833 साली कंपनी सरकारने 180 ग्रेनचा तोळा ठरवला, आणि चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा पाडला. त्यामुळे तराजूत रुपया टाकला की तोळा झाला! हा तोळा म्हणजे आजचे 11.664 ग्रॅम. किताबांतल्या तोळ्यांचे ग्रॅम करताना हाच तोळा धरतात.

1956 साली दशमान वजनांचा कायदा झाला आणि 1958 पासून नवी वजने बाजारात येऊ लागली. तोळा कायद्यातून गेला, पण जिभेवरून गेला नाही. सराफाने हिशोबाच्या सोयीसाठी 10 ग्रॅमला ‘तोळा’ म्हटले, आणि गिऱ्हाइकानेही मानले. जुना तोळा पाहायचा तर आखातातून येणारे दहा तोळ्यांचे बिस्कीट पाहावे. त्याचे वजन 100 नव्हे, 116.64 ग्रॅम असते.

आता फरक पाहा. साडेसात तोळे म्हणजे 87.48 ग्रॅम, बाजाराच्या तोळ्याने मात्र 75. खालांचे 80 ग्रॅम जुन्या मापाने पावणेसात तोळ्यांहून थोडेच अधिक भरतात. चांदीचा निसाब 612.36 ग्रॅम, बाजारी हिशोबाने 525. हनफी मसल्यानुसार निसाबाचा धनी जकात घेऊ शकत नाही. मग जिच्याकडे साडेपाचशे ग्रॅम चांदीच्या किमतीचीच पुंजी आहे, अशा एखाद्या बेवा बाईला चुकीच्या तोळ्यामुळे जकात नाकारली जाईल.

मेहरमध्ये नुकसान वधूचे होते. मेहरे फातिमी 500 दिरहम, म्हणजे 131 तोळे 3 मासे चांदी, असा हिशोब आपल्याकडे रूढ आहे. त्याचे 1530.9 ग्रॅम होतात. दहा ग्रॅमच्या तोळ्याने दिली तर 1312.5 ग्रॅम. 218 ग्रॅमहून अधिक चांदी कमी पडते, आणि देणाऱ्याला वाटते आपण पूर्ण हक्क अदा केला.

धान्याचेही तसेच. फित्र्याचे गहू जुन्या उर्दू किताबांत पावणेदोन शेर लिहिले आहेत. हा शेर 80 तोळ्यांचा, म्हणून 1.633 किलो. पण आपल्या खेड्यांत शेर हे पायलीसारखे भरून मोजायचे मापही होते. त्या शेराने मोजले तर हिशोब चुकणारच. गंमत अशी की, ज्या साअवरून हा हिशोब निघाला तेही मूळचे भरून मोजायचेच माप.

वाचकहो, हुकूम बदललेला नाही. शब्द तोच राहून त्याच्या आतले वजन बदलले. म्हणून आमची एवढीच विनंती आहे की, निकाहनाम्यात मेहर लिहिताना तोळ्यासोबत ग्रॅमही लिहावेत, आणि रमजानात मशिदीच्या फळ्यावर निसाब ग्रॅममध्ये लावावा. आम्ही खालांना एका कागदावर 80 आणि 87.48 हे दोन आकडे लिहून दिले आणि तो घेऊन मौलानांकडे जायला सांगितले. शाळेत मुलांना कोष्टक शिकवताना आता आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो : “तोळा कोणता?”