सोलापूरचा वेढा : मे १८१८

सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी गावापासून सोलापूर शहरापर्यंत मुलूख सपाट आहे. आडोसा देईल असा डोंगर नाही की दाट जंगल नाही. पेशवाईच्या अखेरच्या लढायांपैकी एक लढाई याच परिसरात झाली आणि तिच्या निकालात या मोकळ्या भूमीचा मोठा वाटा होता.

२० फेब्रुवारी १८१८ रोजी सोलापूर जिल्ह्यातील आष्टी येथे सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले. दुसरे बाजीराव घोडदळासह निसटले. पायदळ व तोफा मात्र मागे राहिल्या. सरदार गणपतराव पानसे यांच्या नेतृत्वाखाली या फौजेने सोलापूरचा आश्रय घेतला. तीत सुमारे साडेपाच हजारांचे पायदळ, साडेआठशे स्वार व १४ तोफा होत्या. पायदळात अरब शिपायांचाही भरणा होता.

ईस्ट इंडिया कंपनीचा सेनानी थॉमस मन्रो ९ मे रोजी सोलापूरसमोर दाखल झाला. शरणागतीचा निरोप घेऊन गेलेल्या कंपनीच्या सुभेदाराची हत्या झाली. १० मे रोजी इंग्रजी फौजेने शिड्या लावून पेठेचा तट ओलांडला. पानसे यांनी बाहेरून वळसा घालून तोफांसह प्रतिहल्ला चढविला. पण तो फसला आणि ते स्वतः जखमी झाले. सायंकाळी सीना नदीच्या दिशेने माघार घेणाऱ्या पायदळाला प्रिट्झलरच्या घोडदळाने उघड्या रानात गाठले. शेकडो शिपाई कापले गेले. तोफांच्या भडिमारानंतर १५ मे रोजी भुईकोट किल्लाही पडला. ३ जूनला बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाले.

त्याच मे महिन्यात अमेरिकी सेनानी अँड्र्यू जॅक्सन याने स्पेनच्या अमलाखालील फ्लोरिडातील पेन्साकोला घेतले. तेथील सेमिनोल आदिवासींवर त्याची मोहीम चालू होती. तोफा वा किल्ले नसलेले सेमिनोल लहान टोळ्यांनी दलदलीत शिरले. तीन युद्धे होऊन १८५८ उजाडले. बहुतेकांना मिसिसिपी नदीपलीकडे हलविण्यात आले, तरी काहीशे जण अखेरपर्यंत शरण गेले नाहीत. त्यांचे वंशज आजही फ्लोरिडात आहेत. महाराष्ट्रातही सातपुड्यातील भिल्लांनी जंगलाच्या आधारे १८५७-५८ मध्ये इंग्रजांशी झुंज दिली.

पानसे यांच्या शिपायांना असा आसरा नव्हता. धनी परागंदा झालेला असताना, तटाच्या आणि तोफांच्या भरवशावर ते लढले. तट ओलांडला गेल्यावर त्यांच्यापुढे केवळ मोकळे रान उरले.