आंबेनळीचा कातळ आणि समुद्रतळ

१४. ‘समुद्रतळाशी नाते’ : यावरून महाबळेश्वर लाव्हा उसळताना समुद्राखाली होते, असे समजू नये. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा उघड्या जमिनीवरच पसरला. याची खूण म्हणून आंबेनळी घाटातून पोलादपूरकडे उतरताना काळ्या थरांमधले तांबडे पट्टे अवश्य पाहावेत. दोन उद्रेकांमधल्या काळात उन्हापावसाने झिजलेल्या कातळाचे ते अवशेष आहेत. लेखिकेला अभिप्रेत आहे ते रासायनिक नाते. भूवैज्ञानिक कॉक्स आणि हॉक्सवर्थ यांनी १९८५ साली महाबळेश्वरच्या थरांचे रसायन मांडले. खालच्या पोलादपूर थरांतील स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांवरून दिसते, की तो शिलारस वर येताना ग्रॅनाइटी कवचात मुरला आणि त्याने भोवतालचा खडक वितळवून पोटात घेतला. त्यावरच्या आंबेनळी थरांच्या शिलारसात ही भेसळ फार थोडी, म्हणून तो हिंदी महासागराच्या तळावरील मध्यवर्ती पर्वतरांगेच्या बेसाल्टच्या जवळ जातो. सातारा-सांगलीच्या कातळाखाली हे जुने ग्रॅनाइटी कवच खरोखरच आहे. कोयना परिसरात गोठणे येथे २०१७ साली पूर्ण झालेल्या तीन किलोमीटर खोल विवरात सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्टनंतर थेट ग्रॅनाइट-नाइस लागला. — संपा.