साखर, खडा आणि सुगरण

साहित्यकृतीतील भावनेचा गोडवा बेसुमार आणि कृतक झाला, की इंग्रजी समीक्षा तिला ‘सॅकरीन’ म्हणते. मराठी समीक्षा ‘भाबडी’ किंवा ‘भावविवश’ म्हणते. सतराव्या शतकात या इंग्रजी विशेषणाचा अर्थ ‘शर्करायुक्त’ एवढाच होता. त्याला दोषवाचक छटा आली ती एकोणिसाव्या शतकात. १८७९ साली फालबर्ग यांना सापडलेल्या, पोषण न देणाऱ्या गोड द्रव्यालाही हेच नाव मिळाले. शब्दाचा माग मात्र लॅटिन व ग्रीकमार्गे संस्कृत ‘शर्करे’पर्यंत जातो. आपली ‘साखर’ही तिथलीच. शर्करेचा मूळ अर्थ खडा, वाळूचा कण. गोडीचे नाव असे खड्यावरून पडले आहे. भावनेच्या गोडीत अनुभवाचा हा खडा उरला आहे की नाही, हाच समीक्षेचाही प्रश्न असावयास हवा.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या खोप्यावरील कवितेला हा प्रश्न विचारता येतो. तीत सुगरण पिलांसाठी घर विणते. वास्तव निराळे आहे. सालिम अली यांनी १९३० साली किहीमला या पक्ष्याच्या विणीचे निरीक्षण केले. खोपा विणतो नर. अर्धवट खोपे माद्या पारखतात. एखादीने खोपा स्वीकारला, की नर तो पुरा करून दुसऱ्या खोप्याला लागतो. अंडी उबवते मादी एकटीच.

मग ही कविता भाबडी ठरते काय? तसे म्हणणे उतावळेपणाचे होईल. नराचे कसब स्त्रीच्या नावे लावले ते मुळात भाषेने; निपुण गृहिणीचा शब्दच तिने पक्ष्याला दिला. कवितेची दृष्टी खिळली आहे ती चोचीवर, त्या एकाच अवजाराने होणाऱ्या कामावर. माणसाच्या दोन हातांना ती त्यावरूनच जाब विचारते. भावना येथे श्रमाच्या निरीक्षणातून निपजते. खडा शाबूत आहे.

या प्रतिमेतली चोच वगळून ‘आदर्श गृहिणी’ तेवढी उरवली, की गोडी पोषणहीन होते. पण तो दोष अशा वाचनाचा आहे. अक्षरओळख नसलेल्या शेतकरी स्त्रीच्या रचनेला ‘भाबडी’ म्हणण्यापूर्वी समीक्षकाने भावविवशता नेमकी कोणाची, हे तपासले पाहिजे.