दर तीन मिनिटांना एक इंजिन

मुंबई-पुणे रस्त्यावर अजून उजाडलेलं नाही आणि तुम्ही सायकलींच्या लोंढ्यात सापडला आहात. चिंचवडकडून, पिंपरीकडून, निगडीच्या अंगानं सायकली येतायत. हँडलला डबा, मफलर कानावरून घट्ट आवळलेला. तारीख १४ जानेवारी १९७७. संक्रांत आहे, थंडी कडक आहे, आणि सातला पहिल्या पाळीचा भोंगा होईल. आकुर्डीच्या बजाज ऑटोच्या गेटवर तुम्ही रांगेत उभे राहता, कार्ड पंच करता आणि आत येता. खिशात मोबाइल नाही. इथलं घड्याळ भिंतीवरचं, आणि त्याच्याकडे बघायला फारशी सवड मिळणार नाही.

इंजिन असेंब्लीच्या शॉपमध्ये पाऊल टाकताच रॉकेल, ग्रीस आणि ताज्या ॲल्युमिनियमचा मिळून एक वास नाकात भरतो. चार्जहँड, म्हणजे लाइनवरचा मुकादम, तुम्हाला वरपासून खालपर्यंत बघतो. तुमच्या हातांकडे जरा जास्तच वेळ बघतो आणि एका ठेंगण्या, चाळिशीच्या माणसाकडे बोट दाखवतो. "नानांकडे उभा राहा. ते सांगतील तेवढंच कर."

नाना बीडकडचे. आयटीआय वगैरे काही नाही. बहात्तरच्या दुष्काळात घरची बैलजोडी विकली, दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि मग चुलतभावाच्या ओळखीनं इथे हेल्पर म्हणून लागले. बहात्तरच्याच वर्षी याच कारखान्यातून चेतक स्कूटर बाहेर पडायला लागली होती. खडी फोडून घट्टे पडलेले ते हात चार वर्षांत इतके हलके झालेत की तुम्ही बघत राहता.

"नवीन का रे? हात धू आधी. साबणानं, चांगले. घाण हाताला शिवायचं नाही कशाला."

हे ते उगाच म्हणत नाहीत. ज्या इंजिनावर तुम्ही आज काम करणार आहात ते दीडशे सीसीचं म्हणवलं जातं; नेमका आकडा १४५.४५. सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ५७ मिलिमीटर. मूळ घडण इटलीच्या पियाज्योची, व्हेस्पाच्या घराण्यातली. पियाज्योशी असलेला करार १९७१ मध्ये संपला आणि तेव्हापासून हे इंजिन आकुर्डीचं स्वतःचं झालं. दोन स्ट्रोकचं, म्हणजे वर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह नाहीत. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आत घ्यायचं काम क्रँकशाफ्टच करतो: फिरता फिरता त्याची कडा क्रँककेसमधलं एक तोंड उघडते आणि मिटते. ती कडा आणि केसची भिंत यांच्यामध्ये फट असते ती जेमतेम दिसेल एवढी. तिथे एक खडा गेला, लोखंडाचा एक कीस गेला, की ती भिंत ओरबाडली जाते. ओरबाडलेली केस मग भंगारात. म्हणून हात धुवायचे.

लाइन चालू होते. मोठा गडगडाट होईल अशी तुमची समजूत असते, तसं काही होत नाही. हवेच्या गनचा फुरफुराट, पान्यांचा खणखणाट आणि मध्येच कुणाची तरी हाक. फिक्स्चरवर अर्धी क्रँककेस आडवी पडलेली असते. बेअरिंग आधीच्या माणसानं केस गरम करून बसवलेलं असतं. गरम धातू प्रसरण पावतो, बेअरिंग हातानं आत उतरतं आणि थंड झालं की घट्ट धरून बसतं. मग गिअर. चार गिअरची चाकं शाफ्टवर मोकळी फिरतात आणि शाफ्टच्या आत सरकणारा एक क्रॉस ज्या चाकात अडकेल तो गिअर पडतो. त्यांना फिरवणारा दुसरा दांडा म्हणजे क्लस्टर, आणि नानांचं खरं काम तिथेच.

क्लस्टरच्या भोकात आतल्या बाजूनं ग्रीसचा पातळ थर द्यायचा. मग सुईएवढे बारीक, सुटे रोलर एकेक करून त्या ग्रीसला चिकटवायचे. वीसेक असतील. तिळगुळाच्या लाडवात तीळ बसावेत तसे ते शेजारी शेजारी बसत जातात. नानांचा अंगठा भोकात फिरतो, डोळे तिथे नसतातच. शेवटच्या रोलरला जागा जेमतेम उरते. तो दाबून बसवला की अख्खं कडं अंगचंच अडकून राहतं, मग क्लस्टर उलटा धरला तरी एकही पडत नाही.

"आता तू."

तुमचे पहिले चार रोलर बसतात. पाचवा तिरका जातो, सहावा त्याला ढकलतो आणि दोन्ही खाली ट्रेमध्ये टणटणतात. पलीकडचा पोरगा मान न उचलता पुढचं इंजिन ओढतो. नाना रागावत नाहीत. तुमच्या बोटाला धरून ग्रीसचा थर किती जाड हवा ते दाखवतात. "कमी लावलं तर पडतो. जास्त लावलं तर मोजता येत नाही. आणि एक कमी बसला नि तसाच केस मिटवला, तर गिऱ्हाइकाचा गिअरबॉक्स खंडाळ्याच्या घाटात बोलतो. तिथं आपण नसतो."

इथे थोडा हिशेब करायला हवा, कारण वेगाची कल्पना त्याशिवाय येत नाही. या आर्थिक वर्षात कंपनी पहिल्यांदाच एका वर्षात एक लाख गाड्यांचा आकडा गाठते आहे. त्यात रिक्षाही आल्या. कामाचे तीनशे दिवस धरले तर रोज सव्वातीनशेच्या वर गाड्या. आठ तासांच्या दोन पाळ्या धरल्या तर दर तीन मिनिटांना एक. तीन मिनिटांत तुमच्यासमोरचं इंजिन पुढे गेलं पाहिजे, कारण त्याच्या मागे दुसरं उभं आहे. आणि कारखान्याच्या बाहेर त्याच्या मागे उभी आहे ती माणसांची रांग. स्कूटर बुक करून आठ-आठ, दहा-दहा वर्षं वाट बघणारे लोक. किती गाड्या बनवायच्या ते सरकारी परवान्यात ठरतं, त्यामुळे मागणी असूनही मनाला येईल तेवढं उत्पादन वाढवता येत नाही. नंबर लागलेली गाडी शोरूमच्या दारातच चढ्या भावानं विकली जाते. परकीय चलन भरणाऱ्याला रांग चुकवता येते. एखाद्या शाळामास्तरानं मुलगी पाचवीत असताना बुकिंग केलं तर गाडी येईपर्यंत ती कॉलेजात पोचलेली असते.

त्या काळाबद्दल आपण जेव्हा बोलतो तेव्हा हीच रांग आठवतो, परवाना-राज आठवतो, मालकांची धडाडी आठवतो. ते खरंही आहे. राहुल बजाज याच आवारातल्या वसाहतीत राहत होते, हेही खरं. पण मास्तरानं दहा वर्षं वाट पाहिली ती गाडी पुढची वीस वर्षं चालली, ती कुणाच्या अंगठ्यामुळे, हे कुठल्या आठवणीत येत नाही. मला ते फार खटकतं.

साडेनऊला चहा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबे उघडतात: बाजरीची तीळ लावलेली भाकरी, भोगीची उरलेली भाजी, कुणाकडे गुळाची पोळी. तिळगुळाची पुरचुंडी टेबलावरून फिरते आणि चार्जहँडही दोन दाणे घेऊन "गोड बोला" म्हणून जातो. साताऱ्याचा एक पोरगा विचारतो, "नाना, आमच्याकडं महाराष्ट्र स्कूटर्स निघालीय, तिकडं बदली मिळंल का?" कुणी हसतं. मग आवाज जरा खाली येतात आणि बोनसचा विषय निघतो. आणीबाणीत सरकारनं वटहुकूम काढून किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून चारवर आणला, त्याचा सल अजून ताजा आहे. संपाचं नाव काढायची सोय नाही. नाना भाकरीचा तुकडा मोडतात आणि म्हणतात, "पोरीचं लग्न त्याच्यावर ठरवलं होतं."

तुम्हाला ठाऊक आहे की चार दिवसांनी, १८ तारखेला, रेडिओवरून निवडणुकीची घोषणा होईल. मार्चमध्ये सरकार पडेल. वर्ष सरायच्या आत ८.३३ टक्के परत येतील. हे सगळं तुमच्या ओठांवर येतं. पण नानांनी त्यावर विश्वास तरी का ठेवावा? तुम्ही गुळाची पोळी अर्धी करून त्यांच्यापुढे सरकवता.

दुपारनंतर तुम्हाला पिस्टनवर उभं केलं जातं. आता केस मिटलेली आहे, दोन भागांमधलं कागदी पॅकिंग बसलंय, एका बाजूला क्लच चढलाय. कनेक्टिंग रॉडचं डोकं बाहेर डोकावतंय. पिस्टन हातात घ्या. वजन किती कमी आहे बघा. त्याला दोन रिंगांच्या खाचा आहेत आणि प्रत्येक खाचेत एक बारीक खुंटी. रिंगची दोन टोकं त्या खुंटीच्या दोन बाजूंना यायला हवीत. कारण सिलिंडरच्या भिंतीला पोर्टची तोंडं आहेत. रिंग फिरली आणि तिचं टोक त्या तोंडात अडकलं तर तुटते, आणि तुटकी रिंग सिलिंडर खाते. गजन पिन आरपार घालायची, मग दोन्ही बाजूंना तिची लॉकं. लॉक चिमट्यानं दाबून खाचेत सोडायचं आणि सोडल्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं एकदा फिरवून बघायचं. खाचेत बसलेलं लॉक एका विशिष्ट घट्टपणानं फिरतं. तो घट्टपणा शब्दांत सांगता येत नाही. दहाव्या-बाराव्या इंजिनापाशी तो तुमच्या मनगटाला कळतो, आणि कळला त्या क्षणी तुम्हाला मनापासून आनंद होतो.

आता सिलिंडर. बिडाचा, थंड, बाहेरून पात्यांचा. आतून तेलाचं बोट फिरवायचं. डाव्या हाताची दोन बोटं आणि अंगठा यांनी पहिली रिंग आवळायची, उजव्या हातानं सिलिंडर सरकवायचा. जोर करायचा नाही. अडला तर अडू द्यायचा, मागे घ्यायचा, पुन्हा. रिंग आत गेली की एक बारीक 'टिक्' होतं. दुसरी रिंग, दुसरं टिक्. मग हेड, चार नट. एकासमोरचा एक असे, आधी हलके आणि मग टॉर्क रेंचनं पूर्ण. ओळीनं आवळले तर हेड एका बाजूला बसतं आणि तिथून हवा गळते. तीन मिनिटांत हे सगळं.

हे काम सुंदर आहे असं मी म्हणतो, पण ते रोज, तेच, वर्षानुवर्षं करणाऱ्याच्या खांद्यांना विचारायला हवं. तीनच्या सुमारास तुमची पाठ ताठते. पायांत गोळे येतात. बोटांच्या पेरांत काळं ग्रीस बसतं ते आता साबणानंही जाणार नाही. पलीकडचा पोरगा आयटीआयचा फिटर आहे, बावीस वर्षांचा. त्याला वाटलं होतं आपण इथे एक इंजिन पहिल्यापासून शेवटपर्यंत जोडू. दीड वर्ष झालं, तो मॅग्नेटोची की आणि फ्लायव्हील बसवतोय. त्यानं घरी एक जुनं इंजिन आणून ठेवलंय, रविवारी ते पूर्ण उकलतो आणि पूर्ण जोडतो. लाइननं त्याच्या हातातून जे काढून घेतलं ते तो असं परत मिळवतो.

पाळी सुटायच्या आधी नाना तुम्हाला टेस्टिंगच्या बाजूला नेतात. गिअरबॉक्समध्ये पाव लिटर तेल पडलेलं. पेट्रोलमध्ये दोन टक्के तेल मिसळलेलं, कारण दोन स्ट्रोकच्या इंजिनाला पिस्टनचं वंगण त्याच वाटेनं मिळतं. किक. काही नाही. दुसरी किक. निळा धूर आणि मग तो आवाज, जो तुमच्या लहानपणी प्रत्येक गल्लीत संध्याकाळी वडील घरी आल्याची वर्दी द्यायचा. टेस्टर डोळे मिटून ऐकतो. गिअरच्या बाजूला एक लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवतो, त्याची मूठ कानाला लावतो आणि मान हलवतो. बरोबर आहे. नाना म्हणतात, "ह्याचे रोलर तुझे होते."

पाळी सुटल्यावर गेटबाहेर पुन्हा सायकली. इंजिन जोडणाऱ्या या माणसांपैकी स्कूटरवर घरी जाणारे फार थोडे.

इथून पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९८५ नंतर चार स्ट्रोकच्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटरसायकलींनी बाजार धरला. रांगा गेल्या. नव्या शतकाची पहिली काही वर्षं सरता सरता चेतक बंद झाली आणि सप्टेंबर २००७ मध्ये आकुर्डीतलं वाहन-उत्पादन थांबलं. आता त्याच आकुर्डीत पुन्हा चेतक बनते, २०२२ पासून, विजेवर चालणारी. तिला पिस्टन नाही, रिंग नाही, गिअरचा क्रॉस नाही, ग्रीसमध्ये बसवायचे रोलर नाहीत. हवेच्या दृष्टीनं ते चांगलंच झालं, आणि शंभरात दोन भाग तेल जाळणारं इंजिन परत यावं असं मी म्हणणार नाही.

पण तो बावीस वर्षांचा फिटर आज सत्तरीत आहे. निगडी प्राधिकरणात, चिंचवडच्या चाळीत, बीड-लातूरकडच्या गावात असे शेकडो जण आहेत, ज्यांनी हजारो इंजिनं जोडली आणि त्याबद्दल कुणाला काही सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. तुमच्या घरात, शेजारात असा कुणी असेल तर यंदाच्या संक्रांतीला तिळगुळ घेऊन जा, वही बरोबर ठेवा आणि विचारा: तुम्ही नेमकं काय बसवत होता? कुठल्या हातानं? आणि ते नीट बसलं हे तुम्हाला कसं कळायचं? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.